व्हिडिओ कन्व्हर्ट होईना, आवाज येईना, टीव्हीवर चालेना: घरच्या कॉम्प्युटरवर आधी काय बघायचं

लग्नसराई झाली, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरात जो कोण कॉम्प्युटरवर बसतो त्याला पाहुण्यांचे फोन चालू होतात. "अण्णा, स्टुडिओवाल्यानं पेनड्राईव्ह दिलाय, टीव्हीवर चित्र दिसतंय पण आवाजच नाय की वो." "आमच्या लग्नाची डीव्हीडी हाय, नव्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायला जागाच नाय, मोबाईलवर कशी बघू?" मग बरेचजण काय करतात, गूगलवर फ्री व्हिडिओ कन्व्हर्टर म्हणून मारतात, पहिली येईल ती साइट उघडतात, काहीतरी इन्स्टॉल होतं, व्हिडिओवर मधोमध कंपनीचं नाव छापून येतं आणि ब्राउझरमध्ये जाहिराती सुरू होतात त्या वेगळ्याच.

बऱ्याच वेळा अख्खा व्हिडिओ कन्व्हर्ट करायची गरजच नसते. फाईलमध्ये नेमकं कुठं अडलंय ते बघायचं आणि तेवढंच बदलायचं. दर वेळी कन्व्हर्ट केलं की क्वालिटी थोडी तरी जातेच, गेलेली परत येत नाही, आणि जुन्या कॉम्प्युटरवर तीन तासाच्या लग्नाला अख्खी रात्र लागू शकते. म्हणून कारण कळल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

सॉफ्टवेअर चारच पुरतात आणि चारही फुकट आहेत. बघायला व्हीएलसी, फाईलच्या आत काय आहे ते वाचायला मीडियाइन्फो, पूर्ण कन्व्हर्ट करायला हँडब्रेक, आणि चित्राला हात न लावता नुसता बॉक्स (म्हणजे फाईलचा प्रकार, खाली सांगतोय) किंवा आवाज बदलायला अविडेमक्स. ज्याच्या त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या, सॉफ्टवेअर वाटणाऱ्या तिसऱ्याच साइटवरून नको. २०१७ च्या मे महिन्यात हँडब्रेकच्या एका डाउनलोड सर्व्हरवरच कुणीतरी घुसून मॅकच्या फाईलमध्ये ट्रोजन म्हणजे लपून येणारा व्हायरस घातला होता, म्हणजे मूळ ठिकाणी पण असं होऊ शकतं, मग बाकीच्या साइटचं काय सांगायचं. विंडोजवर हँडब्रेक उघडताना डॉट नेट डेस्कटॉप रनटाइम मागितलं तर घाबरू नका, ते मायक्रोसॉफ्टचंच असतं, घालून घ्या. ऑनलाइन कन्व्हर्टर साइटबद्दल माझं मत विचाराल तर दोन मिनिटाची क्लिप असेल तर ठीक, पण घरच्या बायकापोरांचं अख्खं लग्न कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर चढवायचं मला पटत नाही, आणि चार जीबी अपलोड व्हायला लागणारा वेळ बघितला तर घरच्या घरी लवकर होतं.

बॉक्स वेगळा, आतला माल वेगळा

फाईलच्या नावाशेवटी एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही असं जे असतं ते नुसतं बॉक्सचं नाव. आत चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून भरलंय आणि आवाज कुठल्या पद्धतीनं, ते कोडेक, आणि ते वरून कळत नाही. कुंद्याच्या बॉक्समध्ये चिवडा भरला म्हणून त्याचा कुंदा होत नाही. तरी लोक एमकेव्हीचं नाव बदलून एमपी४ करतात आणि चालंना म्हणून बसतात. कधीकधी चालतं पण, कारण व्हीएलसीसारखे प्लेअर नाव बघत नाहीत, आत काय आहे ते बघतात. टीव्ही तेवढा शहाणा नसतो.

चित्राचे कोडेक आपल्याकडं साधारण चार भेटतात. डीव्हीडीत एमपेग-२, बहुतेक मोबाईल-कॅमेऱ्यात एच.२६४ जे २००३ सालचं, नव्या मोबाईलमध्ये एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी जे २०१३ सालचं, आणि नेटवरनं आलेल्यात कधीकधी एव्ही१ जे २०१८ चं. आता साधा हिशोब बघा, २०१२ सालचा टीव्ही २०१३ ला आलेलं एच.२६५ कुठनं वाचणार, त्याला माहीतच नाही. तिथं पेनड्राईव्ह बदलून, पोर्ट बदलून, टीव्ही बंदचालू करून काय उपयोग नाही. आवाजाचे एएसी, एमपी३, एसी३, डीटीएस हे नेहमीचे.

मीडियाइन्फो इन्स्टॉल झालं की फाईलवर राइट क्लिक करून उघडा, टेक्स्ट व्ह्यू लावा, मोठी यादी येते. सगळं वाचायचं नाही. व्हिडिओखाली फॉरमॅट, बिट डेप्थ, फ्रेम रेट मोड, स्कॅन टाइप आणि डिस्प्ले आस्पेक्ट रेशो, ऑडिओखाली फॉरमॅट आणि चॅनल्स, एवढंच. पुढं जे काय सांगतोय ते सगळं या ओळींवरनंच ठरतं. आणि कुठंही चालेल असं कॉम्बिनेशन लक्षात ठेवायचं तर एमपी४ बॉक्स, एच.२६४ चित्र, ८ बिट, १०८०पी पर्यंत साइज, सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम (म्हणजे चित्रं), एएसी स्टीरिओ आवाज. यात बसलेली फाईल जुन्या टीव्हीपासून नव्या मोबाईलपर्यंत सहसा कुठं अडत नाही.

चित्र आहे, आवाज नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि हीच सगळ्यात सोपी. मीडियाइन्फोत ऑडिओ डीटीएस किंवा एसी३ दिसतोय आणि चित्र एच.२६४ दिसतंय म्हणजे टीव्हीला फक्त आवाज कळत नाहीय. अख्खं चित्र परत कन्व्हर्ट करू नका. अविडेमक्समध्ये फाईल उघडा, डावीकडं व्हिडिओ आउटपुटला कॉपी तसंच ठेवा, ऑडिओ आउटपुटला एएसी निवडा, आउटपुट फॉरमॅटला एमपी४ मक्सर, आणि सेव्ह. सहा चॅनलचा आवाज असेल तर ऑडिओच्या फिल्टर्समध्ये जाऊन मिक्सर स्टीरिओ करा. चित्र जसंच्या तसं उचलून ठेवतोय म्हणून हे काम काही मिनिटात होतं आणि चित्राची क्वालिटी कणभर पण जात नाही.

उलट पण होतं, आवाज येतोय आणि चित्र काळं. तिथं बघा एच.२६५ आहे का, किंवा बिट डेप्थ १० आहे का. तसं असेल तर मात्र हँडब्रेकमध्ये पूर्ण कन्व्हर्टच करावं लागतं, व्हिडिओ एनकोडरला एच.२६४ घ्या, त्यातला १० बिटवाला नको. कॉम्प्युटरवरच काळं किंवा हिरवं दिसत असेल तर फाईलला दोष देण्याआधी व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट/कोडेक्समध्ये हार्डवेअर डिकोडिंग डिसेबल करून बघा, ग्राफिक्स ड्रायव्हर जुना असला की हे होतं. विंडोजचा स्वतःचा प्लेअर एचईव्हीसीसाठी स्टोअरमधनं एक्स्टेन्शन विकत घ्या म्हणतो, व्हीएलसीत ते आतच असतं, पैसे घालायची गरज नाही.

आणि एक प्रकार, आवाज फक्त एकाच बाजूनं येतो. गावातलं नाटक, भजन, हरिपाठ असलं शूटिंग असलं की कॅमेरावाला मंडपाच्या साउंडची वायर एका चॅनलला देतो आणि दुसऱ्याला कॅमेऱ्याचा माइक, किंवा काहीच नाही. हेडफोन लावून बघा कुठली बाजू चांगली आहे. मग हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमध्ये मिक्सडाउनला मोनो लेफ्ट ओन्ली किंवा राइट ओन्ली घ्या, दोन्ही कानात स्वच्छ आवाज येतो. पण ढोलताशासमोर माइक धरून आवाज फाटला असेल तर तो रेकॉर्डिंगमध्येच फाटलाय, कुठलंही कन्व्हर्टर तो शिवत नाही.

जुनी डीव्हीडी

इथं थोडं सावकाश जाऊया, कारण यातच सगळे अडकतात. साधारण २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षातली लग्नं, मुंजी, साखरपुडे बऱ्याच घरी डीव्हीडीतच आहेत, खडेबाजार नाहीतर गणपत गल्लीतनं आणलेल्या प्लास्टिकच्या कव्हरात, आणि त्या चकत्या दिवसेंदिवस खराबच व्हायल्यात. पहिलं काम कन्व्हर्ट करणं नाही, कॉपी करणं. बाहेरनं लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो लावा, डीव्हीडीत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर असतं ते अख्खं उचलून हार्डडिस्कवर टाका आणि मग कॉपीवर काम करा. थेट डीव्हीडीवरनं कन्व्हर्ट करत बसलं की एका चरेपाशी अडकतं आणि तासभराचं काम जातं.

फोल्डर उघडलं की आत व्हीटीएस ०१ १, व्हीटीएस ०१ २ अशा व्हीओबी फाईली दिसतात, शेवटची सोडली तर प्रत्येकीची साइज जवळजवळ १ जीबी, विंडोजमध्ये बहुतेक १०,४८,५७४ केबी असं दिसतं. लोकांना वाटतं हे चार वेगळे व्हिडिओ. नाही, एकच लग्न आहे, नियमानंच १ जीबीला तुकडा पाडलेला. एकेक व्हीओबी वेगळी कन्व्हर्ट करून नंतर जोडली की जोडावर टक् असा आवाज येतो नाहीतर मंगलाष्टक मधेच तुटतं. हँडब्रेकमध्ये ओपन सोर्स करताना फाईल निवडू नका, व्हिडिओ टीएसचं फोल्डर निवडा, ते आपोआप सलग घेतं. वर टायटल म्हणून लिस्ट येते, त्यात सगळ्यात जास्त वेळाचं जे असेल ते मुख्य, बाकी मेनू आणि सुरुवातीचं गणपतीचं चित्र असलं काहीतरी असतं. एका डीव्हीडीत कधी दोन-तीन टायटल असतात, हळद वेगळी, अक्षता वेगळ्या, वरात वेगळी, तर प्रत्येक टायटल क्यूमध्ये, म्हणजे कामाच्या रांगेत, टाका. दुकानातनं विकत घेतलेल्या कंपनीच्या डीव्हीडीला कॉपी प्रोटेक्शन असतं, ते हँडब्रेक काढत नाही, तिथं काहीच उघडत नाही म्हणून हँडब्रेकला नावं ठेवू नका.

कॉपी करताना सायक्लिक रिडंडन्सी चेक असा एरर आला म्हणजे ड्राइव्हला ती जागा वाचता येत नाहीय. मऊ सुती कापडानं मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल पुसू नका, कारण गोल चरा पडला तर तो एकाच ठिकाणचा बराच डेटा सलग खातो आणि सरळ चरा थोडा थोडा खातो. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, हे ऐकायला फालतू वाटतं पण एका ड्राइव्हला न वाचणारी डीव्हीडी दुसरा ड्राइव्ह निवांत वाचतो. तरी होईना तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू म्हणून आहे, ते न वाचणारी जागा सोडून पुढचं सगळं आधी उचलतं आणि मग राहिलेल्या जागेवर परत परत प्रयत्न करतं. दोन सेकंद चौकोन चौकोन दिसतील, पण बाकी लग्न तरी हाताला लागतं.

आता कन्व्हर्ट झाल्यावर दोन गोष्टी दिसतात. एक, कोण जोरात हलला, नाचला की त्याच्या कडेला आडव्या बारीक रेघा. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि कॅमेऱ्यानं प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागात घेतलेली असते, एका वेळी एक सोडून एक ओळ. जुन्या डबा टीव्हीवर ते बरोबर दिसायचं, आताच्या स्क्रीनवर रेघा येतात. मीडियाइन्फोत स्कॅन टाइप इंटरलेस्ड दिसला की हँडब्रेकच्या फिल्टर्स टॅबमध्ये डीइंटरलेस चालू करा, यादिफ घेतलं तरी चालतं, वरातीचा नाच जास्त असेल तर त्यातच बॉब घ्या, हालचाल मऊ दिसते.

दोन, माणसं एकतर जाड नाहीतर बारीक दिसतात. डीव्हीडीतले पिक्सेल चौकोनी नसतात, ७२० बाय ५७६ हे ४:३ मध्ये दाखवायचं तर ७६८ बाय ५७६ आणि १६:९ मध्ये १०२४ बाय ५७६ असं ताणून दाखवतात. काही टीव्ही ही ताणायची सूचना वाचतच नाहीत. म्हणून डायमेन्शन्समध्ये अॅनामॉर्फिकला नन करा आणि साइज तीच द्या, ४:३ असेल तर ७६८, रुंद असेल तर १०२४. नवरी आहे तशी दिसते. ७२० ओळी नाहीतर १०८०पी करून एचडी करतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, फाईल मोठी होते, चेहरा स्पष्ट होत नाही, जे रेकॉर्डिंगमध्येच नाही ते कुठनं आणणार.

मोबाईल आणि कॅमेऱ्याच्या फाईली

आयफोननं २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, एचईव्हीसीत रेकॉर्ड करायला घेतलं. पुण्या-मुंबईहून आलेल्या भाच्यानं आयफोनवर काढलेला व्हिडिओ इथल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडत नाही ते यामुळं. पुढच्या वेळी कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सला मोस्ट कम्पॅटिबल करायला सांगा, पुढचा त्रासच नको. नव्या फोनमध्ये एचडीआर चालू असलं तर कन्व्हर्ट झाल्यावर रंग फिकट, राखट दिसतात, शालू पांढुरका आणि हळद फिक्की. शूटिंगच्या आधीच एचडीआर बंद करणं सगळ्यात चांगलं. शूट झालं असेल तर हँडब्रेकच्या नव्या व्हर्जनमध्ये फिल्टर्समध्ये कलरस्पेस आहे, त्यात बीटी.७०९ करून एक मिनिट बघा, बरंच सुधारतं.

हँडीकॅमच्या एमटीएस फाईली पण डीव्हीडीसारख्याच तुटलेल्या असतात, २ नाहीतर ४ जीबीला दुसरी फाईल सुरू होते. कार्डवरनं नुसत्या एमटीएस न उचलता अख्खं फोल्डर उचला, आणि अविडेमक्समध्ये पहिली फाईल उघडून पुढच्या अपेंड करत जा, व्हिडिओ-ऑडिओ दोन्ही कॉपी, एक सलग फाईल तयार होते. मग ती हँडब्रेकला द्या. हँडब्रेक स्वतः फाईली जोडत नाही, ते त्याचं कामच नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना मोबाईलची बॅटरी संपली नाहीतर फोन पडून बंद झाला तर फाईल तयार होते, साइज पण दिसते, पण उघडत नाही. एरर लॉगमध्ये मूव्ह अॅटम नॉट फाउंड असं लिहिलेलं असतं. एमपी४ मध्ये कुठली फ्रेम कुठं आहे याची यादी रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते, ती लिहायचीच राहिली. असल्या फाईलवर दहा कन्व्हर्टर मारून काय होत नाही. अनट्रंक म्हणून फुकट प्रोग्रॅम आहे, त्याला त्याच फोनवर त्याच सेटिंगला काढलेला दुसरा चांगला व्हिडिओ दाखवायचा, त्यावरनं तो यादी परत बांधायचा प्रयत्न करतो. त्यासाठी तो फोन हाताशी आहे तोवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा, एक्सचेंजमध्ये फोन गेला की संपलं.

ओठ आणि आवाज जुळत नाही

आधी सुरुवातीला बघा, मग मध्ये, मग शेवटी. भटजींचं सावधान, टाळ्या, फटाका, असं काहीतरी धरायचं जिथं चित्र आणि आवाज एकाच क्षणी पायजेत. तिन्हीकडं सारखाच फरक असेल तर तो सरळ हिशोब आहे. व्हीएलसीमध्ये जे आणि के या कीनं आवाज ५० मिलिसेकंदानं मागंपुढं सरकतो, जुळेपर्यंत दाबा, किती झालं ते स्क्रीनवर दिसतं, तो आकडा अविडेमक्सच्या ऑडिओ शिफ्टमध्ये घाला आणि कॉपीनं सेव्ह करा. फरक दुप्पट झाला तर आकड्याचं चिन्ह उलट करा.

सुरुवातीला बरोबर आणि शेवटाला दोन सेकंद फरक असेल तर शिफ्टनं सुटत नाही. मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोड व्हेरिएबल दिसतोय का बघा. मोबाईल उजेडात ३० फ्रेम घेतो आणि मंडपातला लाईट कमी झाला की कमी घेतो, काही एडिटिंग सॉफ्टवेअर ते धरत नाहीत. हँडब्रेकच्या व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेमरेट ३० देऊन कॉन्स्टंट फ्रेमरेट करा, पीक फ्रेमरेट नको, मग ती फाईल एडिटिंगला घ्या. हा एकच बदल करून कितीतरी जणांचं काम झालंय.

करंट गेला, कॉम्प्युटर तापला, जागा संपली

पावसाळ्यात खानापूरकडं, जांबोटीकडं कन्व्हर्शन लावून झोपायचं म्हणजे जुगारच. करंट गेला की एमपी४ अर्धी लिहिलेली असते आणि यादी शेवटी लिहायची असते म्हणून अख्खी फुकट. एमकेव्ही मात्र जिथपर्यंत झाली तिथपर्यंत चालते. यूपीएस नसेल तर हँडब्रेकमध्ये आउटपुट एमकेव्ही ठेवा, पूर्ण झाल्यावर अविडेमक्सनं दोन्ही कॉपी करून एमपी४ मध्ये टाका, त्याला काही मिनिटं पण लागत नाहीत. हँडब्रेक परत उघडल्यावर राहिलेली क्यू परत आणू का विचारतं, हो म्हणा, पण मधे तुटलेलं काम ते पहिल्यापासनंच करतं.

करंट न जाता लॅपटॉप आपोआप बंद होत असेल तर तो तापतोय. कन्व्हर्शनला प्रोसेसर तासन्तास पूर्ण दमानं चालतो, गादीवर ठेवलेला लॅपटॉप खालनं हवा ओढू शकत नाही. टेबलावर ठेवा, जाळीतली धूळ काढा, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा. स्पीड कमी वाटला तर व्हिडिओ टॅबमध्ये एनकोडर प्रीसेट मीडियमवरनं फास्ट, व्हेरी फास्ट करा. इंटेल किंवा एनव्हिडियाचं हार्डवेअर एनकोडिंग (म्हणजे ग्राफिक्स चिपवर कन्व्हर्ट करणं) घेतलं तर खूपच लवकर होतं, पण तेवढ्याच क्वालिटीला फाईल मोठी होते. लग्नासारखं कायमचं ठेवायचं असेल तर मी सावकाशच करेन, नातेवाइकांना दाखवायला पाठवायचं असेल तर हार्डवेअर.

सी ड्राइव्ह भरला की मधेच थांबतं आणि एरर काहीतरी भलताच दाखवतो. आउटपुट डी ड्राइव्हला द्या. फाईलचं नाव पण तपासा, "सौ. का. चि. अमुक यांचा शुभविवाह सोहळा फायनल फायनल नवीन" असं लांबलचक नाव आणि फोल्डरात फोल्डर असलं की विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा लागते, आणि काही जुन्या सॉफ्टवेअरना मराठी-कन्नड अक्षरं वाचताच येत नाहीत. डी ड्राइव्हवर साधं इंग्रजी छोटं नाव देऊन परत लावा, कितीतरी एरर एवढ्यावर जातात.

साइज

फाईल केवढी होणार ते आधी काढता येतं. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) गुणिले वेळ. ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. हँडब्रेकमध्ये मात्र मी बिटरेट न देता कॉन्स्टंट क्वालिटी देतो, आरएफ नावाचा आकडा असतो, जेवढा कमी तेवढी क्वालिटी जास्त आणि फाईल मोठी. डीव्हीडीला १८ ते २२, १०८०पी ला २० ते २४. रात्रीची शिवजयंती मिरवणूक मात्र याच आकड्याला अवाढव्य होते, कारण अंधार, धूर, चित्ररथाचे चमचमणारे लाईट आणि कॅमेऱ्याचे दाणे, हे सगळं कोडेकला प्रत्येक फ्रेमला नवीन वाटतं. तिथं आरएफ २४ घ्या आणि फिल्टर्समध्ये एनएलमीन्सचं डीनॉइज (दाणे कमी करणारं) लाइटवर ठेवा, मात्र त्यानं वेळ बराच वाढतो.

पेनड्राईव्हवर कॉपी करताना जागा असून पण फाईल टू लार्ज म्हणत असेल तर पेनड्राईव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल बसत नाही. एक्सफॅट करता येतं, पण फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं आणि काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. मला हळद, अक्षता, वरात असे तुकडे केलेले बरे वाटतात, बघणाऱ्याला पण शोधायला सोपं. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २०२२ पासून २ जीबीपर्यंत जातं आणि व्हॉट्सअॅप त्याला परत दाबत नाही.

कुठलंही सेटिंग असो, अख्खी फाईल लावायच्या आधी हँडब्रेकमध्ये रेंजला सेकंड्स करून ६०० ते ६६० असं मधलं एक मिनिट काढा, पेनड्राईव्हवर टाका, त्याच टीव्हीला लावून बघा. रेघा, जाडी, आवाज, सगळं त्या मिनिटात कळतं. मूळ फाईल मात्र लगेच डिलीट करू नका, महिनाभर तरी ठेवा, कारण वरातीच्या तुकड्यात आवाज नाही हे मामा पुढच्या रविवारी सांगतात.

व्हीएचएस कॅसेट असेल तर गोष्ट वेगळी. कॅसेटच्या खिडकीतनं बघा, टेपवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि मग चांगल्या कॅसेट पण त्यात बिघडतात. हे काम करणाऱ्याकडं द्या, आणि देताना सांगा की डीव्हीडी नको, कॅप्चर केलेली मूळ फाईल हार्डडिस्कवर पायजे, सलग, इंटरलेस्ड असली तरी चालेल, मधे लोगो किंवा गाणी घालू नका. आपली हार्डडिस्क घेऊन जा, २ तासाची एक कॅसेट डीव्ही फॉरमॅटला २५-२६ जीबी खाते.